कोऱ्या कागदावरचे तीन उंचवटे

नमुना पाण्याचा होता. दोनदा वाफ करून पुन्हा गार केलेलं, शुद्ध डिस्टिल्ड पाणी. आणि आमच्या लॅबने त्यात तीन पदार्थ शोधून काढले होते!

मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी ते मुद्दाम पाठवलं होतं. बाटलीवर चिठ्ठी, 'बेबी शांता, वय चार, लघवी'. आमचा रिपोर्ट हातात पडताच ते तडक लॅबमध्ये आले आणि आमच्या साहेबांच्या टेबलावर तो ठेवून म्हणाले, "या मुलीला कोणता आजार आहे, तेवढं सांगा. मुलगी बाटलीतून आली आहे."

आमचे साहेब, म्हणजे डॉक्टर मेहेंदळे, हुशार माणूस. पण चूक स्वतःच्या दारात आली की ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याची घाई फार. वॉर्डवाले डॉक्टर जिना उतरले न उतरले तोच त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मी, परेरा आणि सुमन. लॅबमध्ये एवढीच माणसं. परेरा आणि मी अ‍ॅनालिस्ट, सुमन असिस्टंट. मला तेव्हा सगळे कर्णिकबाई म्हणायचे. पाठीमागे किरकिरी म्हणायचे. म्हणू देत.

"कागदाला कोण हात लावतं?" साहेबांनी विचारलं.

"मी नाय लावत साहेब," सुमन म्हणाली. "चिमट्याने उचलते. बाईंनी शिकवलंय तसं."

"मग पाण्यात घाम कुठून आला?" आणि मग माझ्याकडे वळून, "यांना स्वच्छता शिकवायची तरी किती, कर्णिकबाई?"

'यांना' म्हणजे कोणाला, ते खोलीतल्या चौघांनाही कळलं. सुमनने मान खाली घातली नाही. खाली घातली ती मी.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. परळच्या एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची लॅब होती. आम्ही पेपर क्रोमॅटोग्राफी करायचो. वीतभर रुंद, हातभर लांब असा जाड गाळणकागद घ्यायचा. खालच्या कडेपासून दोन बोटं वर पेन्सिलने आडवी रेघ मारायची. पेन्सिलनेच, कारण शाई द्रावणाबरोबर वर पळते, पेन्सिल जागची हलत नाही. रेघेवर नमुन्याचा थेंब वाळवायचा आणि कागद काचेच्या बरणीत थोड्याशा द्रावणात उभा करायचा. द्रावण कागदातून वर चढतं, नमुन्यातले पदार्थ सोबत घेऊन जातं. कोणी लांब जातो, कोणी मध्येच थांबतो.

मग कागदावर निनहायड्रिन नावाचं औषध फवारून तो गरम ओव्हनमध्ये ठेवायचा. ज्यांच्यापासून प्रथिनं बनतात ती अमिनो आम्लं जिथे असतील तिथे जांभळा डाग उमटतो. हाच क्रोमॅटोग्राम. शेवटी तो कागद दिव्याखालून थोडा थोडा सरकवायचा, यंत्राचा काटा किती हलला ते लिहायचं आणि त्यावरून ग्राफ काढायचा. जिथे डाग, तिथे ग्राफच्या रेघेला उंचवटा.

अडचण एकच. अमिनो आम्लं आपल्या घामातही असतात. कागदाला उघड्या बोटाने शिवलात, की तुमचं बोटही जांभळं होऊन वर येतं. डोळ्याला ते आधी दिसत नाही. म्हणून चिमटा.

गेले काही महिने मुलांच्या नमुन्यांत हे जास्तीचे उंचवटे दिसत होते. साहेबांना वाटलं, नवा आजार सापडला. त्यावर निबंध लिहायला घेतला होता त्यांनी! आता त्या निबंधावर पाणी पडलं होतं, तेही डिस्टिल्ड.

"शनिवारनंतर ही नको," सुमन बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले. "आणि तुम्ही, बाई, एक यादी करा. प्रत्येक जण ग्राफवर मनाला येईल ते लिहितो. त्या डॉक्टरांनी तेही ऐकवलं मला. कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं, ते एकदा ठरवून टाका."

"शनिवारपर्यंत?"

"शनिवारपर्यंत."

सुमनचं इथे येणं कसं झालं, ते सांगायला हवं. तिचे वडील रावजी जाधव आमच्याकडे सहा वर्षं होते. त्याआधी गिरणीत होते. तिथे मशिनीत त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं, तेव्हा इस्पितळात आले आणि बरे होऊन इथेच कामाला लागले. कागद कापणं, आखणं, बरण्या धुणं, माठ भरणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांची रेघ अशी सरळ की मी पट्टी लावून तपासणं सोडून दिलं होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, लालबागेत गोळीबार झाला, त्यात रावजी गेले. मोर्च्यात होते की नुसते घरी चालले होते, कोणी सांगू शकलं नाही. पुढे साहेबांनीच सुमनला त्यांच्या जागी घेतलं. मॅट्रिक झालेली होती. घरात आई आणि तीन लहान भावंडं, आणि कमावणारी ही एकटी.

आणि अजून एक गोष्ट. रावजींनी भरलेल्या माठातलं पाणी मी सहा वर्षांत एकदाही प्यायले नाही. गिरगावातून तांब्याचा फिरकीचा तांब्या घेऊन यायची. कारण कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रावजींना मात्र माहीत होतं. माझ्या टेबलावर त्यांनी कधी पेला ठेवला नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

यादीला बसले तेव्हा जुने ग्राफ बाहेर काढले आणि कपाळावर हात मारला. काय हा गोंधळ! साहेब अंतर मोजायचे कागदाच्या खालच्या कडेपासून. परेरा मोजायचा पेन्सिलच्या रेघेपासून, तेही इंचात. मी सेंटिमीटरवाली, पण द्रावण जिथवर चढलं तिथून उलटं खाली मोजायची, कारण माझ्या पहिल्या गुरूंनी तसं शिकवलं होतं. उभ्या अक्षावर एकाने लिहिलेलं 'स्ट्रेंग्थ', दुसऱ्याने 'कलर', मी 'रीडिंग'. आणि त्या जास्तीच्या उंचवट्यांना साहेब म्हणत 'अननोन', परेरा 'एक्स्ट्रा', मी 'शेष'. तिघं शहाणे एका खोलीत बसून तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय असं समजत होतो.

"आपण कधी एकमेकांचे ग्राफ बघितलेच नाहीत?" मी परेराला विचारलं.

"बाई, तुमचा ग्राफ उलटा असतो. तो बघायचा तर डोक्यावर उभं राहायला पाहिजे."

मी ठरवलं, शून्य एकच. पेन्सिलची रेघ. अंतर तिथून वर, सेंटिमीटरमध्ये. उभ्या अक्षावर 'रीडिंग', कारण काटा तेवढंच सांगतो, बाकी आपण कल्पना करतो. ही यादी खरी चालते का हे बघायला जुने ग्राफ या नव्या मापाने पुन्हा काढायचे ठरवले, पारदर्शक ट्रेसिंग कागदावर. सुमन आकडे वाचायची, मी काढायची. शुक्रवारपर्यंत एकवीस ग्राफ झाले.

त्या शुक्रवारी पुन्हा हरताळ होता. परळमध्ये दुपारी गिरण्या बंद असणं म्हणजे काय, ते आज कळायचं नाही. जमीन सतत थरथरत असते आणि आपल्याला ते कळतही नसतं. ती थरथर थांबली की कळतं. भोंगा नाही, खडखड नाही, ट्राम नाही. खिडकीबाहेर झाडावर एक कावळा होता, तोही गप्प. परेरा दादरहून चालत आला होता, सुमन चिंचपोकळीहून. मी मैत्रिणीकडे लालबागेत राहिले होते.

मी ते एकवीस ग्राफ एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले.

मुलं वेगळी, आजार वेगळे, दिवस वेगळे, ग्राफ काढणारे हात वेगळे. बाकीच्या रेघा इकडेतिकडे गेलेल्या. पण तीन उंचवटे मात्र एकविसांतही एकाच जागी, एकावर एक. खाली एक, मग मोठी मोकळी जागा, मग वर दोन जवळजवळ. जणू प्रत्येक मुलाच्या आत एकच कोणीतरी बसलं होतं. बेबी शांताच्याही, जी कधी जन्मलीच नव्हती.

परेराने छातीवर क्रूसाची खूण केली. "हे आजाराचं काम नाही, बाई."

"तारखा वाच," मी सुमनला म्हटलं.

तिने वाचल्या. पहिले चार ग्राफ सुमन कामाला लागायच्या आधीचे होते. निनहायड्रिनचं काम आम्ही सुरू केलं रावजी गेल्यानंतर, आणि त्यानंतर महिन्याभराने सुमन आली. म्हणजे डाग तिच्या आधीपासून येत होते.

"म्हणजे मी नाय ना, बाई?" ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती आकड्यांखेरीज काही बोलली.

"तू नाहीस. पण मग कोण?"

कागदांचं कपाट माझ्या मागे होतं. किल्ली माझ्या कनवटीला. आत कापून आखून ठेवलेल्या कागदांची एक चळत, सुतळीने बांधलेली. या वर्षभरात आम्ही त्यातूनच घेत होतो, अजून दीडशे तरी शिल्लक होते. मी ठरवलं, चळतीच्या मधला, कोणीच न शिवलेला एक कागद घ्यायचा. थेंब ठेवायचा नाही, बरणीत घालायचा नाही. कोरा तसाच फवारायचा.

"मी दारात उभी राहते," सुमन म्हणाली. "उद्या माझा हात लागला म्हणायला नको कोणी."

राहिली. मी चिमट्याने कागद ओढला, टांगला, निनहायड्रिन फवारलं, ओव्हनमध्ये ठेवला. परेरा घड्याळ धरून. पाच मिनिटं. इतकी शांतता होती की ओव्हनच्या पत्र्याची तडतड ऐकू येत होती.

कागद बाहेर काढला तेव्हा पांढरा होता. मी हुश्श केलं. मग तो माझ्या हातातल्या चिमट्यातच बदलायला लागला. आधी फिकट गुलाबी, मग जांभळं. डाव्या कडेने आत आलेला एक तळवा, अंगठा कडेबाहेर. मग बोटं, एक एक करून, कागदभर आडवी पसरलेली. तर्जनी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. आणि यांच्या मध्ये एक बोट, अर्ध्यावर थांबलेलं.

परेरा दोन पावलं मागे गेला आणि स्टुलावर आपटला. मला वाटतं मी देवाचं नाव घेतलं. विज्ञान शिकवणाऱ्या कोणी मला त्या क्षणासाठी तयार केलं नव्हतं. माणूस जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याचा हात माझ्या समोर कागदातून वर येत होता, ताजा, आत्ताच टेकवल्यासारखा.

सुमन दारातून आत आली. कागदाजवळ येऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून.

"बाबा," ती म्हणाली.

मग मला आठवलं. सगळं आठवलं. रावजी प्रत्येक कागद टेबलावर ठेवायचे, डावा हात पसरून तो दाबून धरायचे आणि उजव्या हाताने रेघ मारायचे. दर वेळी तसाच, त्याच जागी. तेव्हा आम्ही साखरेची तपासणी करायचो, त्याला फवारा वेगळा, घाम त्यात दिसत नाही. म्हणून चिमट्याचा नियमच नव्हता. आमचे थेंब नेहमी उजवीकडे पडायचे. तिथवर तीन बोटं पोचायची, चौथं पोचायचं नाही. ती मोकळी जागा त्या गिरणीत गेलेल्या बोटाची होती. बरणीतून निघालेल्या कागदावर द्रावण हे डाग वर ओढून पसरवायचं, म्हणून हात म्हणून कधी ओळखूच आला नाही.

आणि ही चळत एवढी मोठी का, तेही आठवलं. त्या गोळीबाराच्या आदल्या दिवशी रावजी मला म्हणाले होते, "बाई, दोन-तीन दिवस यायला जमतंय न जमतंय. कागद आखून ठेवलेत, काम अडायला नको." मी मान वर न करता 'बरं' म्हटलं होतं. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

खात्रीसाठी आणखी तीन कागद फवारले. तोच हात. एकावर एक ठेवले, बोटावर बोट. मी कपाटाकडे बघितलं. त्या बंद दारामागे रावजी दीडशे वेळा हात टेकवून बसले होते, आमचं काम अडू नये म्हणून.

घशाला कोरड पडली होती. माझा तांब्या रिकामा होता. सुमनने माठातून पेला भरला आणि तो टेबलावर न ठेवता हातात धरून उभी राहिली, मी काय करते ते बघत. मी घेतला आणि प्याले. फार मोठं काही केलं नाही. सात वर्षं उशिरा प्याले, आणि ज्याच्या हातचं प्यायला हवं होतं तो नव्हता.

शनिवारी साहेबांसमोर मी आधी एकवीस ग्राफ ठेवले, मग तारखा, मग तो हात. हातावरून त्यांनी नजर लगेच काढून घेतली.

"उरलेले पेपर जाळून टाका," ते म्हणाले.

"टाकते. आणि सुमन?"

"तिचं काय? येऊ दे की सोमवारी. मी काही लेखी दिलं नव्हतं."

"तोंडी बोलला होतात, साहेब. 'यांना' म्हणाला होतात. मीही ऐकून गप्प बसले होते. मी तिची माफी मागितली आहे. आता तुमची पाळी."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. माफी काही मागितली नाही. पण वॉर्डातल्या सगळ्या रिपोर्टांची दुरुस्ती स्वतःच्या सहीने पाठवली, आणि त्यात लिहिलं की असिस्टंटचा दोष नाही. त्या माणसाच्या मानाने ते बरंच होतं. निबंध त्यांनी फाडला.

माझी यादी भिंतीवर लागली. शून्य म्हणजे पेन्सिलची रेघ. अंतर सेंटिमीटरमध्ये, रेघेपासून वर. 'अननोन', 'एक्स्ट्रा', 'शेष' तिन्ही शब्द बंद, कारण ते सरळ नमुन्यावर आरोप करतात. त्याऐवजी 'उंचवटा क्रमांक अमुक, ओळख पटलेली नाही'. प्रत्येक खेपेला एक कोरा कागद सोबत चालवायचा आणि त्याचा ग्राफ शेजारी जोडायचा. आणि सगळ्यात खाली एक रकाना, जो तोवर कुठल्याच लॅबमध्ये मी बघितला नव्हता: 'कागद कोणी आखला'. परेरा म्हणाला, शेवटचा जरा जास्तच होतोय. मी म्हटलं, राहू दे.

उरलेले कागद मागच्या अंगणात जाळले. एक सुमनने मागून घेतला. रावजींचा फोटो घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता. मी तिला सांगितलं, हा रंग टिकत नाही, उजेडात उडतो, फार तर काही महिने. ती म्हणाली, "माहीताय, बाई. तुम्हीच शिकवलंय."

सुमन त्याच लॅबमधून सीनियर टेक्निशियन म्हणून रिटायर झाली. त्या सुमारास एकदा मी चिंचपोकळीला तिच्या घरी गेले. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली काचेच्या फ्रेममध्ये एक कागद. जांभळा रंग केव्हाच उडाला होता. कागद पिवळट, अगदी कोरा. पण जिथे हात होता तिथे कडेकडेने बारीक रेघ होती. चार बोटं, त्यातलं एक अर्धं. रेघ पेन्सिलची, कारण शाई पळते.

इतक्या वर्षांच्या नोकरीतून मी एक शिकले. उंचवटा कुठे आहे ते आधी नीट लिहावं, तो कोणाचा आहे ते मागाहून बोलावं. ज्यांना ही किरकिर वाटते त्यांना मी तो कागद आठवून सांगते. त्याच्या खालच्या कोपऱ्यात सुमनने तेव्हाच, आमच्या यादीप्रमाणे, रकाने भरून ठेवले होते.

नमुना: काही नाही.
शून्य: पेन्सिलची रेघ.
कागद कोणी आखला: बाबांनी.